रोहिणीत बघायचे टायर

"आपल्याकडे पाऊस किती असतो साहेब, ऑल सीझनच घ्या." टायरच्या दुकानांतून हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या चांगल्या मनाने सांगितलेलं ऐकलं आहे की सांगणाऱ्याचा राग येत नाही. शब्दच तसा आहे. सगळे ऋतू म्हटल्यावर त्यात पावसाळा आलाच, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं, आणि 2022 च्या मे महिन्यात एका मोठ्या शहरातल्या दुकानातून मी तसे चार टायर घालून घेतले होते.

गाडी बीएमडब्ल्यू झेड-फोर. दोन सीटची, छप्पर मागे दुमडणारी. तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन, 306 अश्वशक्ती, आणि ती सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर. जहाजांच्या इंजिनरूममध्ये उमेदीची वर्षं काढल्यावर, घरी परतताना मी ही सेकंडहँड घेतली. वेंगुर्ल्याला घराच्या बाजूला आमचा चिऱ्याचा मांगर आहे. आजोबांच्या वेळी त्यात भात आणि गवत असायचं, आता ती असते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सावंतवाडीहून आंबोलीमार्गे कोल्हापूर, हा त्यांचा रोजचा रस्ता. त्यामुळे त्या घाटाचं प्रत्येक वळण त्यांना माहीत आहे, आणि माझ्या शेजारी बसल्यावर ते वळण येण्याआधी त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं आंबोलीहून खाली येत होतो. पाऊस जोराचा नव्हता, बुरंगाट होतं. रस्त्यावर पाणी साचलेलं नव्हतं, नुसता ओलसर, काळा, चमकणारा रस्ता. वेग चाळिसाच्या आतच असेल. डाव्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडीची मागची बाजू हळूच, अगदी अंगणात शेवाळावरून पाय सरकावा तशी, उजवीकडे निघाली. डॅशबोर्डवर स्थिरतेच्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकला, यंत्रणेने एकेका चाकाला स्वतःच ब्रेक लावून गाडी सावरली आणि आम्ही कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. कठड्यापलीकडे धुकं होतं. बाबा काही बोलले नाहीत. खाली दाणोलीपर्यंत काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी देवघरातली काडेपेटी आणली.

त्यांची ही पद्धत जुनी आहे. आगपेटीची काडी टायरच्या खाचेत उभी घालायची. काडीचा गूल पूर्ण बुडला तर टायर पावसाला चालेल, गूल वर डोकावला तर डेपोत सांगायचं. मी पुढे एकदा व्हर्नियरने गूल मोजला, साडेतीन मिलिमीटर भरला. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे आणि तेवढ्या उंचीच्या रबराच्या आडव्या पट्ट्या खाचांच्या तळाशी टायरवाल्या कंपन्याच घालून ठेवतात. पण ती मर्यादा कोरड्या रस्त्यावर ठीक. ओल्या रस्त्यावर टायरची पकड त्याच्या कितीतरी आधीपासून उतरायला लागते. म्हणून मी तीनला टायर बदलतो आणि बाबांचा हिशेब माझ्याहूनही कडक आहे.

त्या दिवशी काडी गुलाच्या वर चांगली बुडाली. टायरच्या खाचा खोल होत्या. बाबांनी दुसऱ्या चाकाला, तिसऱ्या चाकाला काडी घातली. मग काडी बाजूला ठेवून अंगठ्याचं नख रबरात रोवून बघितलं. रोवलं जाईना. म्हणाले, "काडी बुडता रे. पण टायर म्हातारो झालो हा."

मी बॅटरी घेऊन गाडीखाली आडवा झालो. टायर कधी बनला त्याचे चार आकडे त्याच्या अंगावर एका लांबट चौकटीत छापलेले असतात, पण बऱ्याच टायरना ते एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आतल्या अंगाला गेली की उभ्याने दिसत नाहीत. चिखल पुसल्यावर दिसले: 1117. म्हणजे 2017 सालातला अकरावा आठवडा. मी "नवीन" म्हणून घेतलेले टायर त्या दिवशी पाच वर्षांचे होते. कुठल्या तरी गोदामात पडून होते. नक्षी कोरी, कडेचे रबराचे केससुद्धा तसेच, आणि रबर निबर.

त्या रात्री मला टायरबद्दलची एक गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. पाऊस टायरला दोन वेगळी कामं सांगतो. रस्त्यावर पाणी साचलेलं असतं तेव्हा ते बाजूला सारायचं काम खाचांचं. आणि रस्ता नुसता ओला असतो, तेव्हा त्या ओल्या खडीच्या बारीक टोकांना बिलगून धरायचं काम रबराचं. पहिलं काम डोळ्यांनी तपासता येतं, दुसरं नाही. आम्ही सगळे नक्षी बघतो कारण ती दिसते. घाटात, चाळिसाच्या वेगात, मला फसवलं ते न दिसणाऱ्या अर्ध्या भागाने.

ऑल सीझन या शब्दाचा उलगडा मला खरं तर त्याच्या बऱ्याच आधी व्हायला हवा होता. जहाज हॅम्बुर्गला लागलेलं असताना एका टॅक्सीवाल्याने मला त्यांच्याकडची म्हण सांगितली होती, "ओ बिस ओ". ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत. या काळात गाडीला हिवाळी टायर, उरलेल्या काळात उन्हाळी. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर नसेल तर तिकडे दंड होतो. बरेच लोक चाकांचे दोन जोड ठेवतात आणि घरी जागा नसेल तर दुसरा जोड दुकानदार भाडं घेऊन सांभाळतो. त्यांच्या या सगळ्या पंचांगाचा पाया एका आकड्यावर आहे: साधारण सात अंश सेल्सियस. त्याच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून हिवाळी टायरमध्ये थंडीतही लवचिक राहणारं मऊ रबर आणि बर्फाला धरणाऱ्या बारीक बारीक चिरा. ऑल सीझन म्हणजे या दोघांमधली तडजोड. ज्याला वर्षातून चार-सहा वेळा हलका बर्फ लागतो आणि दोन जोड ठेवायचे नाहीत, त्याच्यासाठी केलेली. टायरच्या अंगावर एम आणि एस ही अक्षरं असतात, चिखल आणि बर्फ यांची. तीन शिखरांच्या डोंगरात हिमाचं फूल असं चिन्ह असेल तर तो बर्फावरच्या चाचणीत उतरलेला. त्यातला "सगळा" ऋतू तिकडचा आहे.

आमच्याकडे सात अंश कुठून येणार? वेंगुर्ल्यात पौषातल्या पहाटेही मला कधी जाड पांघरूण लागलेलं नाही. आणि आषाढातला धो धो पाऊस पडतो तेव्हा हवा पंचवीस-सव्वीस अंशांची असते. टायर बनवणाऱ्याच्या पंचांगात हा उन्हाळाच आहे. तिकडच्या भाषेत आमच्याकडे बारा महिने उन्हाळा आणि त्यातले चार महिने ओले. म्हणजे आमच्या कोकणातल्या पावसासाठी, या गाडीसाठी, योग्य टायर तो ज्याच्यावर "समर" लिहिलं आहे. चांगल्या प्रतीचा, पाणी काढणाऱ्या रुंद उभ्या खाचा असलेला, ताजा समर टायर. उबदार पावसात ब्रेक मारल्यावर असा टायर त्याच दर्जाच्या ऑल सीझनपेक्षा सहसा आधी थांबतो. 1990 च्या दशकापासून टायरच्या रबरात काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणात येऊ लागली आणि ओल्या रस्त्यावरची पकड त्याने फार सुधारली. हे सगळं कुणी दुकानात सांगितलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते.

आता साचलेल्या पाण्याबद्दल. त्याचा माझा संबंध झाराप ते कुडाळ या पट्ट्यात येतो, महामार्गावर. घाटात वेगच नसतो, इथे असतो. या गाडीचे पुढचे टायर 225 मिलिमीटर रुंदीचे आणि मागचे 255. एका पुढच्या चाकाचा हिशेब मी मांडून बघितला. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी आहे, गाडी ताशी 80 वर आहे आणि टायरची रस्त्याला टेकणारी रुंदी वीस सेंटिमीटर धरली, तर त्या चाकाला दर सेकंदाला तेरा लिटरहून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. सेकंदाला एक भरलेली कळशी. आणि हे काम करायला जागा किती, तर गाडीचं वजन आणि टायरमधली हवा यांचा भागाकार केला की एका चाकाच्या वाट्याला रस्त्यावर येतो तो तळहातापेक्षा थोडा मोठा तुकडा. पसरलेला पंजा. असे चार पंजे, त्यावर दीड टन गाडी, आणि बाजूच्या सीटवर बाबा.

पाणी सारणं जमलं नाही की टायर पाण्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, लोण्यातून फिरवल्यासारखं, आणि इंजिनाचा आवाज उगाच चढतो. अमेरिकेत नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला, त्यातून एक साधं सूत्र निघालं: टायर पाण्यावर चढायचा वेग त्यातल्या हवेच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. खाचा संपलेल्या टायरमध्ये हवा 32 पॉइंट, म्हणजे पीएसआय, असेल तर हा वेग ताशी 94 किलोमीटरच्या आसपास येतो. हवा 25 वर उतरली असेल तर 83. मोटारीच्या रुंद टायरला आणखी बऱ्याच गोष्टी लागू होतात, खाचा चांगल्या असतील तर मर्यादा वर जाते, टायर जितका रुंद तितकी ती खाली येते. पण हवेचा मुद्दा तसाच राहतो. पावसाळ्यात हवा कमी ठेवली की पकड वाढते, असं आमच्याकडे बरेच जण समजतात आणि दोन-चार पॉइंट काढून टाकतात. कृपा करून असं करू नका. हवा कमी झाली की टायर पाण्यावर लवकर चढतो. सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढी हवा भरायची, बस. तापमान दहा अंशांनी बदललं की हवा एक-दीड पॉइंटने हलते, म्हणून मे महिन्यात दुपारी पंपावर भरलेली हवा जूनच्या पहिल्या सरीनंतर कमी भरते. मृग लागला की एकदा परत मोजायची.

रुंद टायर हे या गाडीचं देखणेपण आहे आणि पावसाळ्यातलं दुखणंही. मागच्या चाकांवर ताकद, तीच चाकं जास्त रुंद, तीच लवकर झिजतात. शिवाय पुढची-मागची मापं वेगळी असल्यामुळे चाकांची अदलाबदल करून झीज सारखी करता येत नाही. मागची चाकं वरून थोडी आत कललेली असल्यामुळे टायरची आतली कड आधी जाते. बाहेरून बघणाऱ्याला टायर निम्मा शिल्लक दिसतो आणि आत गुळगुळीत झालेला असतो. म्हणून दर वर्षी एकदा गाडी जॅकवर घेतल्याशिवाय मी टायरबद्दल काही ठरवत नाही.

नवे टायर घेतले तेव्हा बाबांशी माझं खरं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. कंपनीने या गाडीला मूळचे रनफ्लॅट दिले होते, पंक्चर झाले तरी ताशी 80 च्या वेगाने 80 किलोमीटरपर्यंत नेणारे. त्यांच्या भिंती जाड आणि ताठ. आमच्या खड्ड्यांत ते कंबरेला कळतात. मी साधे घ्यायचे ठरवले, आणि गाडीत स्टेपनी नसल्यामुळे पंक्चरचं सामान आणि छोटा पंप डिकीत ठेवला. हे बाबांना मान्य होतं. पण सुरुवातीला दोनच टायर मिळत होते. मी म्हटलं, आधी मागे घालू. बाबा भडकले. नवा टायर पुढे, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. एसटीत रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, मागे आणि नवा पुढे, कारण पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातातून जातं, मागे एकेका बाजूला दोन-दोन टायर असतात, एक फुटला तरी दुसरा ओझं धरतो.

त्यांचं काहीच चुकत नव्हतं, बसच्या बाबतीत. पण या गाडीला मागे जोड टायर नाहीत, आणि ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, चालकाने वेग कमी केला की पुन्हा हातात येते. मागची सुटली तर गाडी भोवरा होते आणि ती सावरायला साध्या माणसाच्या हातात वेळ नसतो. टायर कंपन्या आणि जाणकार म्हणूनच दोन नवे असतील तर ते मागे घाला, असं सांगतात. मी हे पुन्हा पुन्हा समजावलं. बाबा ऐकत होते आणि मान्य करत नव्हते. शेवटी मी म्हटलं, "आंबोलीत आपली कुठची बाजू गेली होती?" ते बराच वेळ मांगराच्या दारात उभे राहिले. मग म्हणाले, "घाल मागे."

उरलेले दोन पुढच्याच आठवड्यात आले. या वेळी दुकानात मी टायर रिमवर चढवण्याआधी चारही चौकटी वाचल्या. सहा महिन्यांच्या आतले होते. दुकानदाराला मी सांगितलं की मला सूट नको, मला तारीख हवी. टायरच्या अंगावर आणखीही वाचण्यासारखं असतं. झिजण्याचा आकडा, ज्याला ट्रेडवेअर म्हणतात, तो माझ्या टायरना 300 च्या आसपास आहे. 500 वाला जास्त टिकला असता, पण मला या गाडीच्या टायरने टिकावं असं वाटत नाही, धरावं असं वाटतं. शर्यतीच्या वळणाचे 200 च्या खालचे टायरही मिळतात, खाचा जेमतेम. ते ट्रॅकवर शोभतात. आमच्याकडे मासळीच्या टेम्पोतून गळलेलं पाणी, झाडाखालच्या सावलीतलं शेवाळ, वळणावर वाहून आलेली तांबडी माती, हे सगळं एका किलोमीटरमध्ये असतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी दोडामार्गला गेलो होतो, जुन्या सहकाऱ्याकडे. तिकडे रबराच्या बागा आहेत, केरळातून आलेल्या लोकांनी लावायला सुरुवात केलेल्या. पहाटे अंधारात माणसं बॅटऱ्या घेऊन झाडांमधून फिरत होती. वाकडी सुरी सालीवरून तिरकी ओढायची, फार खोल नाही, आतल्या लाकडाला लागता कामा नये. ओरखड्याच्या खालच्या टोकाशी पांढरा चीक जमतो, एक थेंब लांबतो, सुटतो आणि खाली बांधलेल्या वाटीत पडतो. आवाज होत नाही. मी बोट लावून बघितलं, दुधाएवढं पातळ. बोटं एकमेकांना लावून उघडली तर मध्ये बारीक तार आली. पावसाळ्यात सालीवरून उतरणारं पाणी वाटीत जाऊन चीक वाया जाऊ नये म्हणून ओरखड्याच्या वर प्लास्टिकचा घेर बांधतात. सहकाऱ्याने वाळत घातलेली शीट दाखवली, मधासारख्या रंगाची, धुराच्या वासाची. माझ्या टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागात कारखान्यात केलेलं रबर बरंच असतं, पण भिंतींना जी लवचिकता लागते तिथे झाडाच्या चिकाला अजून तोड नाही. गंधक घालून तापवलं की हे रबर टिकाऊ होतं, हे चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलं. तरी ते म्हातारं व्हायचं राहत नाही. ऊन, खारा वारा, हवेतला ओझोन रोज थोडं थोडं खातात. टायर वाचवणारं मेण रबरातच मिसळलेलं असतं, पण चाक फिरलं, रबर दबलं-सुटलं, तरच ते पृष्ठभागावर येतं. गाडी मांगरात झाकून ठेवली की टायर राहतात, हा माझा समज त्या बागेत गेला. आता भर पावसातही आठवड्यातून एकदा मी तिला शिरोड्यापर्यंत नेऊन आणतो.

जर्मन टॅक्सीवाल्याच्या "ओ ते ओ" सारखं आमचं आता एक ठरलेलं आहे. रोहिणी नक्षत्र लागलं, की मांगरात गाडी जॅकवर. बाबा आता 81 वर्षांचे आहेत, उकिडवं बसता येत नाही, म्हणून मी पाट ठेवतो. मी गेजने मोजतो आणि वहीत लिहितो, ते काडी घालतात. यंदा मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या कडेला गेजने 3.1 दाखवलं. बाबांनी काडी घातली, गुलाचा तपकिरी टिंब खाचेच्या वर दिसत होता. त्यांनी काडी माझ्यासमोर धरली. मागचे दोन्ही टायर मी त्याच दिवशी सांगितले, मृग लागायच्या चार दिवस आधी बसले.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना डोळे तपासायला सावंतवाडीला न्यायचं होतं. मी गाडी मांगरातून काढून फाटकापर्यंत आणली आणि पहिला पाऊस आला. मोठे मोठे थेंब, बॉनेटवर वाजणारे. मी गिअर टाकला तर बाबांनी हात माझ्या हातावर ठेवला.

"थांब. पयल्या पावसात वाट तेलकट. पंधरा मिनटां जांवदे."

इंजिन चालूच होतं. मी वायपर बंद केले. काचेतून काही दिसेना, म्हणून मी माझ्या बाजूची काच चार बोटं खाली केली. महिनोन्‌महिने रस्त्यात मुरलेलं डिझेल आणि ऑइल वर येऊन पाण्यावर सप्तरंगी पट्टे वाहत गटाराकडे जात होते, त्यात टायरची काळी भुकटीही असणार. मग तांबडं पाणी आलं. मग जरा कमी तांबडं. मांगराच्या पागोळ्या एकसारख्या लागल्या होत्या. बाबा त्यांच्या बाजूच्या काचेतून फक्त रस्त्याकडे बघत होते.

"आता हाक," ते म्हणाले.